सुळ्याचा पंधरवडा

२२ नोव्हेंबर, शनिवार

मे महिन्यानंतर या डायरीत मी एक अक्षर लिहिलेलं नाही. आज पानं चाळली तेव्हा लक्षात आलं. २ मेच्या पानावर 'आज सगळे तळ्यावर पोचले' एवढंच आहे, पुढे सगळं कोरं. आज लिहायला बसलो कारण आज एक गोष्ट ठरवली आहे, आणि लिहून ठेवलं की माणूस मागे फिरत नाही.

पुढच्या वर्षी २ मे ते १६ मे ही सुट्टी मी घेणार. सुळ्याला ती मिळू देणार नाही.

सुळा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस. आम्ही कवळ्या बनवतो. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, प्लास्टरमावशी त्यांचे साचे ओततात, आणि मग मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवायचं काम माझं आणि त्याचं. उंच, शिडशिडीत, कडेला एकटा उभा राहणारा, म्हणून मी मनातल्या मनात त्याला सुळा म्हणतो. अकरा वर्षं शेजारी बसतोय. अकरा वर्षांत तो जेवढं बोलला असेल तेवढं माझी मुलगी मैत्रिणीशी एका फोनवर बोलते.

दात बसवणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दोघांनी एकदम रजेवर जायचं नाही. मालकीणबाई नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी जाता जाता पुढच्या वर्षीचा सुट्ट्यांचा तक्ता भिंतीला लावतात आणि डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासून त्यावर लिहायचं. ज्याने आधी लिहिलं त्याची सुट्टी. शाईने लिहायचं, खोडायचं नाही, अदलाबदल हवी तर दोघांच्या सह्या. नियम चांगलाच आहे. फक्त दाराची किल्ली सुळ्याकडे असते. तो साडेसातला उघडतो, आम्ही आठला पोचतो, आणि तोवर २ ते १६ मेच्या चौकटीत त्याचं नाव लिहून वाळलेलं असतं. दरवर्षी हेच. वार कुठलाही येवो, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. असा हट्टी माणूस मी पाहिला नाही.

या मेमध्ये दादा आला होता. नऊ वर्षांनी. येतो कळवलं तेच मुळी एप्रिलमध्ये. आम्ही सगळी भावंडं, मुलंबाळं मिळून तळ्यावरच्या एका घरात पंधरा दिवस राहायचं ठरलं. मी सुळ्याकडे गेलो. म्हटलं, यंदा एकदा हा पंधरवडा मला द्या. त्याने हातातलं मेणसुद्धा खाली ठेवलं नाही. म्हणाला, "जमणार नाही." कारण सांगितलं नाही, वाईट वाटतंय असंही नाही. भिंतीला सांगावं तसा तो नकार होता.

बायको आणि मुलगी गेल्या. मी इथे दात बसवत राहिलो. दादाने तिथून दोनदा फोन केला, रविवारी तरी ये, सकाळची बस आहे, तीन तासांचा तर रस्ता. मी म्हटलं जमणार नाही. पंधरा दिवस हक्काचे असताना एका दिवसाची भीक कोण मागणार? ते पंधरा दिवस सुळ्याने खाल्ले होते.

सप्टेंबरात दादा गेला.

माझा सुळ्यावर दात आहे. दिवसभर दुसऱ्यांचे बसवतो, हा एक स्वतःसाठी ठेवलाय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

किल्ली मिळाली.

एका न्यायाधीशांची वरची कवळी होती, आज सहज पुरी झाली असती. मी दिवसभर तिच्याशी खेळत बसलो. संध्याकाळी मालकीणबाईंना म्हटलं, बाई, सोमवारी नऊला डॉक्टरांना हवी आहे, सकाळी सहाला येऊन संपवतो. त्यांनी स्वतःची किल्ली काढून दिली. वर म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय." जरा लाज वाटली, पण किल्ली खिशात गेल्यावर गेली.

तक्ता लावून झाला आहे. पांढराशुभ्र. सुळ्याने जाताना एकदा त्याच्याकडे पाहिलं, आपल्याच शेताकडे पाहावं तसं.

१ डिसेंबर, सोमवार

सहा वाजून दहा मिनिटांनी लिहिलं. साध्या पेनाने नाही. कवळीच्या आत पेशंटचा नंबर लिहायला आमच्याकडे एक काळं पेन असतं, त्यावरून वरचा थर चढला की तो नंबर माणसाबरोबरच जातो. त्या पेनाने लिहिलं. अक्षर जरा मोठं आलं, शेजारच्या १७ तारखेवर वेलांटी गेली.

मग न्यायाधीशांची कवळी घेऊन बसलो आणि दाराकडे पाठ केली. समोरच्या काचेत दार दिसतं.

साडेसातला सुळा आला. दिवा लागलेला बघून थबकला. तक्त्यापाशी गेला. दाताची छटा बघायला आम्ही खिडकीशी जाऊन मान तिरकी करतो ना, तशी मान करून बराच वेळ वाचत राहिला. चार शब्द वाचायला किती वेळ लागतो? मग कोट काढला, खुंटीला लावला, जागेवर बसला.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता कसं वाटतंय?" म्हटलं, झकास. ती म्हणाली, "चेहऱ्यावरून तर दाढ दुखतेय असं वाटतंय."

४ डिसेंबर

दुपारी डबे उघडले तेव्हा तो माझ्या टेबलाशी आला. स्वतःहून आल्याची ही अकरा वर्षांतली तिसरी वेळ असेल.

"मे महिन्याचं जरा बोलायचं होतं."

"बोला."

"तो पंधरवडा मला मिळाला तर बरं होईल."

सात महिने मी या वाक्याची वाट पाहिली. आरशासमोर उत्तर पाठ केलं होतं. हातातलं मेण खाली न ठेवता म्हणायचं हेही ठरलं होतं, पण हातात डबा होता. डब्यासकट म्हटलं, "जमणार नाही."

तो उभा राहिला. मला वाटलं, आता कारण विचारेल, मग मी या मेमधलं सगळं बाहेर काढीन. तर म्हणाला, "बरं." गेला आणि त्याने तक्त्यावर ऑक्टोबरातले पंधरा दिवस लिहिले.

संपलं. सात महिन्यांची तयारी आणि दीड मिनिटात उरकलं. त्याने भांडायला हवं होतं. भांडण काढायचीसुद्धा अक्कल नाही या माणसाला.

११ जानेवारी

तळ्यावरची खोली पक्की केली. तेच घर, वरची तीच खोली, जिथून पाणी दिसतं. बायको म्हणाली, "तिथेच कशाला? डोंगरावर जाऊ, नवीन काही बघू." म्हटलं, तुम्ही पाहिलंय, मी पाहिलेलं नाही.

घरवाल्या काकूंनी फोनवर विचारलं, "गेल्या मेमध्ये आलेल्या मंडळींपैकी का तुम्ही?"

"हो. म्हणजे मी नव्हतो."

"अच्छा. आणि ते मोठे भाऊ कसे आहेत? फार गप्पा मारायचे."

म्हटलं, बरे आहेत. का म्हटलं ते कळत नाही. लांबचा फोन, आवाज नीट येत नव्हता, कशाला लांबण लावायची.

माझ्या टेबलावर तो फोटो ठेवला आहे, धाकट्या बहिणीने पाठवलेला. तळ्याच्या पायऱ्यांवर सगळे बसलेत, माझ्याखेरीज सगळे. ज्याने कोणी काढला त्याला फोटो काढता येत नाही. एका बाजूला सगळी दाटीवाटी आणि दादाच्या उजव्या हाताला हातभर पायरी रिकामी. रोज सकाळी कामाला निघताना तो बघून निघतो. राग ताजा राहतो.

२३ जानेवारी

तयारी पद्धतशीर चालू आहे, आणि सगळी कारखान्यात, मोठ्या आवाजात. आज बसचं वेळापत्रक आणून माझ्या टेबलासमोर चिकटवलं. काल होडीची चौकशी केली. परवा घडीच्या खुर्चीबद्दल सुळ्यालाच विचारलं, "तुम्ही दरवर्षी जाता, तुम्हाला अनुभव. लाकडी घ्यावी की कापडाची?" तो म्हणाला, "मी कुठे जात नाही."

म्हणजे बघा. कुठे जायचं नाही, यायचं नाही, पंधरवडा मात्र अडवून ठेवायचा. गोठ्यातल्या कुत्र्यासारखं, आपण खायचं नाही आणि गाईलाही खाऊ द्यायचं नाही.

प्लास्टरमावशी हात धुता धुता म्हणाल्या, "अहो, तुम्ही सुट्टीवर निघालाय की स्वारीवर?"

३० जानेवारी

आज सुळ्याने विचारलं, "तुमची मुलगी चौदाची ना?"

म्हटलं, हो, का?

"त्या वयात काय वाचतात हल्ली?"

म्हटलं, काही वाचत नाहीत, फोन बघतात. तो मान डोलावून गेला. पाच मिनिटांनी परत आला. "उंची किती आहे हो तिची?"

आता माझ्या मुलीची उंची याला कशाला हवी? गोड बोलून पंधरवडा काढून घ्यायचा डाव आहे. म्हटलं, उंचीला काय, सुट्टीवर जाऊन आली की वाढेल. बरोबर लागलं असणार, कारण त्याने वर पाहिलं नाही.

६ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही याचा विचार केला. लिहितो. इथे खोटं लिहायचं तर डायरी कशाला?

सुळ्याने एका केसमध्ये चूक केली. शिकाऊ माणूस करतो तशी. उजवा सुळा डावीकडे आणि डावा उजवीकडे. बसतात दोन्ही, पण तोंडात गेल्यावर सगळा चेहरा परका दिसतो. गेले काही दिवस त्याचं लक्ष नाही, मेण गरम करतो आणि निवेपर्यंत नुसता बघत बसतो. पाठवायच्या डब्यात ती कवळी मी पाहिली. दोन सेकंदात कळलं. उचलून त्याच्यासमोर ठेवली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

मी डब्याचं झाकण लावलं.

१२ फेब्रुवारी

परत आली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आहे. मालकीणबाईंनी ती सगळ्यांसमोर वाचली. सुळा उभा राहून ऐकत होता, हात कोटाच्या खिशात. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." काट्याने काटा काढावा तसा माझा एक काटा निघाला.

पण चिठ्ठीत शेवटी लिहिलं होतं की पेशंट ऐंशी वर्षांचे आहेत, जुनी कवळी मोडली आहे, आणखी चार दिवस त्यांना पातळच खावं लागणार. बाईंनी तेही वाचलं. त्या म्हाताऱ्याशी माझं काही वाकडं नव्हतं. दुपारचा माझा डबा तसाच राहिला, मावशींना म्हटलं पोट ठीक नाही.

ती केस मी मागून घेतली आणि आजच करून दिली. सुळा म्हणाला, "आभारी आहे." त्याने असं म्हणायची काही गरज नव्हती.

१ मार्च

मुलीला सुट्टीसाठी बूट घ्यायचे म्हणून रविवारचा दिवस बायकोच्या दुकानात गेला. ती तिथे काउंटरवर असते, त्यामुळे आम्हाला चहा मिळतो आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी फुकट. त्या मी अर्ध्या कानानेच ऐकतो. आज म्हणाली, "एक नंबर मोठे घेऊ, या वयात पाय झपाट्याने वाढतात. आमच्याकडे एक गृहस्थ येतात, दर एप्रिलला, न चुकता. मुलीचे बूट हवेत म्हणतात. नंबर विचारला की म्हणतात, गेल्या वेळेपेक्षा एक मोठा. मी म्हटलं, अहो, मुलीलाच घेऊन या, पाय मोजून देते. तर म्हणाले, ती वर्षातून एकदाच येते, आली की दारातच नवे बूट दिसले पाहिजेत."

मुलगी म्हणाली, "मग बसले नाहीत तर?"

"एकदा बसले नव्हते. तरी तिने पंधरा दिवस तेच घातले म्हणे."

मी मध्येच विचारलं की पाण्यात घालायच्या चपला वेगळ्या मिळतात का. तळ्याच्या पायऱ्या निसरड्या असतात असं धाकटी म्हणाली होती. मिळतात. तीन जोड घेतले.

२० मार्च

अजून सहा आठवडे. यादी चार पानांची झाली आहे. सकाळी पाण्यावर किती वाजता ऊन येतं तेही काकूंना विचारून ठेवलं. बायको यादी वाचून म्हणाली, "यात पंधरा दिवस काय काय करायचं ते आहे. मजा करायची कुठे लिहिलंय?"

म्हटलं, मजा म्हणजे तो इथे बसलेला असणार आणि मी तिथे, ही.

तिने यादीची घडी घालून माझ्या हातात दिली.

९ एप्रिल

सकाळी चष्मा घरी विसरलो. बायको तो द्यायला दुकानात जाता जाता कारखान्यात आली. मी बाहेर गेलो तर ती दारातच उभी, आत बघत, आणि सुळा तिच्याकडे बघत.

"अहो, तुम्ही इथे असता होय?" ती त्याला म्हणाली. "यंदा आला नाहीत अजून. मी दोन जोड बाजूला काढून ठेवलेत."

सुळ्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "यंदा नको. यंदा ती येणार नाही." आणि आत वळला.

मी विचारलं, तू याला कशी ओळखतेस? बायकोने माझ्याकडे जसं पाहिलं तसं तिने लग्नानंतर दोनदाच पाहिलंय. म्हणाली, "घरी बोलू."

घरी बोलली. जे मी अर्ध्या कानाने ऐकलं होतं ते सगळं परत ऐकवलं, आणि दुकानाच्या वहीतल्या नंबरावर फोन करून त्याच्याकडून काढून घेतलेलंही सांगितलं. बारा वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. न्यायालयाने विचारलं, मुलगी वर्षातले कुठले पंधरा दिवस वडिलांकडे राहील? याने तेव्हाच्या रजेच्या तारखा लिहून दिल्या, २ ते १६ मे. त्या कागदावर तशाच बसल्या. आई दूरच्या गावी असते, एक दिवस मागेपुढे करू देत नाही. हा सकाळी सातला घरातून निघाला तर मुलगी परक्या गावात दिवसभर चार भिंतींत एकटी बसणार, म्हणून याने यंदा येऊ नको असं कळवून टाकलं.

माझा पारा चढला. "मग तोंड उघडून सांगायचं ना. अकरा वर्षं शेजारी बसतोय मी."

"गेल्या वर्षी तुम्ही सांगितलं होतं का त्यांना, दादा यायचे आहेत म्हणून?"

मी म्हटलं, त्याने विचारलं नव्हतं.

"मग," ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.

११ एप्रिल

दोन दिवस मी स्वतःशी भांडत होतो. एक मन म्हणत होतं, बरं झालं, आता कळेल हातातून माणूस सुटणं म्हणजे काय. ते मन अजून गेलेलं नाही, पण त्याचा आवाज मला आवडेनासा झाला आहे. त्यात ती चौदा-पंधरा वर्षांची पोर कुठे बसते ते त्याला सांगता येईना.

आज कामाच्या मध्येच त्याच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "दोन ते सोळा मे तुम्ही घ्या. तुमचा ऑक्टोबर मला द्या."

त्याने मेणावरून नजर काढली नाही. "जमणार नाही. कळवून झालंय."

"परत कळवा."

"मला कोणाची मेहरबानी नको."

झालं, माझं डोकं फिरलं. "मेहरबानी? अहो, मी सूड घेतोय. हा पंधरवडा एकदा घेतलात की जन्मभर माझे मिंधे राहाल. रोज सकाळी दार उघडाल, माझं तोंड दिसेल आणि आठवेल. याहून मोठी शिक्षा मला सुचत नाही."

प्लास्टरमावशींनी ढवळायचं थांबवलं होतं, त्यांचं प्लास्टर वाडग्यातच घट्ट झालं. म्हणाल्या, "घ्या हो. एवढ्या आग्रहाने कोणी कोणाचा सूड घेत नाही."

सुळा हसला. अकरा वर्षांत मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले. खालचे दोन पार वाकडे आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात रांगोळीसारखी ओळ लावणारा माणूस, म्हणून ओठ मिटून बसत असेल.

मग त्याने विचारलं, "गेल्या वर्षी तुम्हाला कशासाठी हवा होता?"

"भाऊ येणार होता. नऊ वर्षांनी."

"मग यंदा?"

"यंदा नाही. सप्टेंबरात गेला तो."

त्याने हातातलं मेण खाली ठेवलं. मग तो म्हणाला, "सांगितलं असतंत तरी मी दिला नसता."

म्हटलं, माहीत आहे. या एका वाक्यासाठी तो मला पहिल्यांदा बरा वाटला. इतर कोणी असता तर 'मला माहीत असतं तर' असं काहीतरी गुळमुळीत म्हणाला असता.

मालकीणबाईंसमोर दोघांनी सह्या केल्या. त्यांना कारण हवं होतं. मी म्हटलं, दोघांच्या सह्या एवढाच नियम आहे.

१५ एप्रिल

तळ्यावरची खोली सोडू नका, असं मीच बायकोला सांगितलं. ती, मुलगी आणि धाकटी बहीण जातील. म्हणजे पुन्हा तेच. त्या तिथे, मी इथे. एवढं पाच महिने आधीपासून ठरवून जे हाती आलं ते गेल्या वर्षीसारखंच, फक्त आता दोष द्यायला शेजारी कोणी नाही.

सुळ्याने बूट नेले. बायको सांगत होती, यंदा दोन नंबर मोठे घेतले.

२ मे, शनिवार

पहाटेच्या बसने तिघी गेल्या. घडीची खुर्चीसुद्धा नेली.

अकराच्या सुमाराला सुळा कारखान्यात आला, मुलीला जागा दाखवायला. उंच आहे, त्याच्यासारखीच, पण बोलते. त्याच्या टेबलावरचे दात हातात घेऊन बघत होती. पायात नवे बूट. टाच जरा उचलली जात होती, पण तिने काही दाखवलं नाही.

तिने मला विचारलं, "तुम्ही बाबांचे मित्र का?"

आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "नाही." ती हसायला लागली.

३ मे, रविवार

सकाळची बस साडेसहाला होती. सव्वासहाला बूट घालून तयार होतो. मग जरा डोकं जड वाटलं, बूट काढले. बायकोचा फोन आला, "येताय ना?" म्हटलं, आज नाही. ती म्हणाली, बरं, पुढच्या रविवारी या.

दिवसभर काही सुचलं नाही. फोटो उलटा करून ठेवला.

१० मे, रविवार

गेलो.

बस दहाला पाच मिनिटं कमी असताना पोचली. थांबा म्हणजे एक बाक आणि वर पत्रा. उतरणारा मी एकटाच. कोणी घ्यायला आलं नव्हतं, मी येतोय हे सांगितलंच नव्हतं. उतारावरून चालत गेलो. घर सापडायला अडचण पडली नाही, फोन करकरून मला त्याचा कोपरान् कोपरा पाठ झाला आहे.

अंगणात घरवाल्या काकू चादरी वाळत घालत होत्या. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "तुम्ही धाकटे भाऊ. रविवारवाले."

मला कळलं नाही. म्हटलं, रविवारवाले म्हणजे?

"तुमचे दादा गेल्या वर्षी दोन्ही रविवारी सकाळच्या बसला थांब्यावर जाऊन उभे राहायचे. पहिल्या रविवारी मी म्हटलं, अहो, ते तर येणार नाही म्हणालेत ना. तर म्हणाले, तो लहानपणापासून तसाच आहे, आधी नाही म्हणतो आणि मग येतो." त्यांनी चादरीला चिमटा लावला. "दुसऱ्या रविवारी तर दुपारच्या बसलाही गेले. संध्याकाळी फोटो काढायला मलाच बोलावलं. मी म्हटलं, मधे जागा फार राहतेय, जरा सरका. तर कोणाला सरकू देईनात." मग विचारलं, "बरे आहेत ना आता?"

या वेळी मी खरं सांगितलं. त्यांनी हातातली ओली चादर तशीच दोरीवर टाकली आणि मला आत नेऊन पाणी दिलं.

बायको, मुलगी आणि धाकटी पायऱ्यांवर होत्या. पायऱ्या खरंच निसरड्या आहेत. मुलीने बोट दाखवायच्या आधीच मला ती पायरी ओळखता आली. बसलो. ऊन बरोबर साडेदहाला पाण्यावर आलं, काकूंनी सांगितलं होतं तसं. मुलीने फोटो काढला तेव्हा धाकटी माझ्याजवळ सरकत होती. मी तिला म्हटलं, तिथेच थांब.

परतीच्या बसमध्ये हे लिहितोय, अक्षर हलतंय.

सुळ्याने मला एकदा 'जमणार नाही' म्हटलं होतं, त्यावर मी वर्षभर दात धरून बसलो. दादाला मी दोनदा म्हटलं. तो दोन्ही वेळा थांब्यावर गेला.